काशीतील मराठी मूल

दुर्गाघाट, ब्रह्माघाट, पंचगंगा या भागांत पेशवाईच्या काळापासून मराठी कुटुंबे वसली. तेथील मुलाला उंबरठ्याच्या आत मराठी मिळते, गल्लीत हिंदी व बनारसी बोली. गल्ली अर्थातच बलवान. खेळगडी तिच्यात असतात. तिचे ऋणही मोठे. १८८३ साली काशीतच मराठी घरात जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर 'आज' या हिंदी दैनिकाचे थोर संपादक झाले. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर बंगालीत लिहीत.

परंतु घरातली मराठी कशी टिकते? मुलाच्या तोंडी प्रथम डगमगते ते नपुंसकलिंग. हिंदीत ते नाहीच. तेथे पाणी पुल्लिंगी. म्हणून नळ सुटताच मूल आनंदाने ओरडते, "आई, पाणी आला!" आजी आतूनच म्हणते, "आलं."

याहून सूक्ष्म अडचण 'आम्ही' आणि 'आपण' यांची. हिंदीचे 'हम' दोन्ही कामे करते; बनारसी माणूस तर स्वतःपुरतेही 'हम'च म्हणतो. मराठीत ऐकणारा सोबत असेल तर 'आपण', नसेल तर 'आम्ही'. आईचे बोट धरून मूल तिलाच म्हणाले, "आम्ही घाटावर जाऊ", की व्याकरणाने आई घरीच राहिली! हा भेद पुस्तकातून येत नाही. न्हाऊ घालताना, भरवताना तो शंभरदा कानांवर पडावा लागतो. घरात आजी नसेल, वडील दिवसभर कचेरीत असतील, तर तो सारा भार एकट्या आईवर येतो. आणि सायंकाळी थकलेली तीही मुलाला त्याच्याच बोलीत उत्तर देऊ लागते.