पाणी ३२ लिटर, बिअर १९ लिटर

पोर्टलंडच्या उपनगरात, माझ्या मित्राच्या गॅरेजमध्ये बिअर करायची असली की सकाळी पहिल्यांदा पाणी मोजलं जातं. दोन पातेल्यांत मिळून ३२ लिटर. महिन्याभराने बाटल्यांत उतरते ती १९ लिटर, म्हणजे अमेरिकेतल्या घरगुती बिअरचं ठरलेलं माप, ५ गॅलन. मधल्या १३ लिटरचा हिशेब ज्याला जमला त्याची बिअर दर वेळी सारखी होते. रेसिपी, हॉप्स, यीस्ट यांवर लोक तासन्‌तास बोलतात. या १३ लिटरवर फारसं कोणी बोलत नाही. माझ्या मते घरच्या बिअरची खरी कसोटी तिथेच लागते.

(अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी बिअर करायला मोकळीक मिळाली. घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करणं गुन्हा आहे, म्हणून ही सगळी हकिगत तिकडची.)

पहिली आणि सगळ्यात मोठी तूट धान्यात. भरडलेलं ५ किलो जवाचं माल्ट पिकनिकच्या जाड कूलरमध्ये ओतलं जातं, त्यावर साधारण ७३ अंशांचं १५ लिटर आधण. ढवळल्यावर तापमान ६६-६७ अंशांवर येतं आणि तासाभरात पिठाची साखर होते. मग तळाची तोटी उघडायची. पहिले दोन-तीन जग गढूळ येतात, ते पुन्हा वरून हलकेच ओतायचे. कोंड्याचा थर जमला की मधाच्या रंगाचा, स्वच्छ रस वाहू लागतो. १५ लिटर घातलेले, आणि हाती येतात साडेनऊ! किलोमागे सुमारे एक लिटर धान्य पिऊन बसतं, आणि तोटीच्या पातळीखाली अर्धा लिटर अडकून राहतो. मग दुसरं पाणी, १७ लिटर. ते मात्र जेवढं घालाल तेवढं परत मिळतं, कारण धान्याची तहान आधीच भागलेली असते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की निम्मं गणित सुटतं. साडेनऊ आणि सतरा, साडेसव्वीस लिटर रस उकळायला तयार.

इथे मोह होतो की रस कमी भरला तर धान्यावर आणखी पाणी ओतावं. ते करू नये. शेवटी शेवटी रसात साखर फार थोडी उरते, त्याची आम्लता उतरते आणि टरफलातलं टॅनिन सुटायला लागतं. वाढलेला एखादा लिटर सगळ्या बिअरला तुरट करतो.

उकळीची तूट पातेल्यावर ठरते. बासुंदीला पसरट भांडं का घेतात ते आपल्याला सांगायला नको. तोच नियम इथे. मित्राचं पातेलं ४० सेंटीमीटर रुंद आहे, त्यातला एक लिटर म्हणजे उंचीत फक्त ८ मिलिमीटर. म्हणून त्याने लाकडी पट्टीवर खुणा कोरल्या आहेत, एकेक लिटर पाणी मापाने ओतून, दर लिटरला एक. त्या पट्टीवर माझा विकतच्या कुठल्याही उपकरणापेक्षा जास्त विश्वास आहे. त्याच्या शेगडीवर तासाला साडेतीन लिटर उडतात. झाकण ठेवून ते वाचवायला जाऊ नये, कारण वाफेबरोबर उकडलेल्या मक्यासारखा वास देणारं एक गंधकयुक्त द्रव्यही निघून जातं. ते जायलाच हवं.

उरलेल्या २३ लिटरचे थंड झाल्यावर २२ होतात. ही तूट नव्हेच. उकळतं द्रव निवताना सुमारे चार टक्के आकसतं, एवढंच. पण गरम असताना घेतलेली नोंद आणि गार झाल्यावर घेतलेली नोंद एकाच वहीत शेजारी लिहिली की घोळ होतो. मग दीड लिटर पातेल्याच्या तळाशी, हॉप्सच्या हिरव्या चिखलात. आणि दीड लिटर आंबवण्याच्या भांड्यात यीस्टच्या गाळाखाली. हॉप्स भरपूर घालणाऱ्यांनी इथे अर्धा-एक लिटर जास्तच धरावा.

सगळ्या तुटी सारख्या धरू नयेत, हे मला या कामात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. वाफ होऊन जातं ते पाणी. साखर मागेच राहते आणि रस दाट होतो. कोंड्यात आणि गाळात राहतो तो रस. त्याच्याबरोबर साखरही जाते. म्हणून दुरुस्तीही वेगळी. हायड्रोमीटरवर १.०५० हवं असताना २२ ऐवजी साडेतेवीस लिटर उरले तर आकडा १.०४७ च्या आसपास येतो. उपाय म्हणजे आणखी थोडी उकळी, तीही कडवटपणाचे हॉप्स पडण्याआधी, म्हणून मोजणी उकळीच्या सुरुवातीलाच हवी. जास्त आटलं तर उकळलेलं साधं पाणी घालून चालतं. साखरच कमी उतरली असेल तर मात्र पाणी आटवून आकडा जुळेल, पण लिटर कमी पडतील.

गाळ गाळून, पातेलं कलतं करून शेवटचा पेला काढणारे असतात. मला ते पटत नाही. त्यापेक्षा सुरुवातीलाच अर्धा किलो माल्ट आणि दोन लिटर पाणी जास्त घ्यावं, आणि तळाचा गाळ तळाशीच राहू द्यावा.

तिकडे राहणाऱ्या कोणाला हे करून पाहायचं असेल, तर माल्ट आणण्याआधी एक काम करा. आपल्याच पातेल्यात, आपल्याच शेगडीवर २५ लिटर साधं पाणी तासभर खळखळून उकळा, आधी आणि नंतर गार असताना मोजा, आणि किती उडालं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुस्तकातला आकडा दुसऱ्याच्या पातेल्याचा असतो.