निश्चयाला तारीख हवी

कॉलेजे सुरू झाली की नाशिकच्या गंगापूर रोडवर, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नवे चेहरे दिसू लागतात. नवे बूट असतात, नवा उत्साह असतो. मग पावसाची झड लागते, परीक्षा जवळ येतात, आणि गणपती येईपर्यंत बुटांवर धूळ साचते. घरातली मोठी माणसे म्हणतात, ‘आजकालच्या पोरांत जिद्दच नाही!’

प्रश्न खरोखर जिद्दीचा आहे का? मिल्न, ऑर्बेल आणि शीरन या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली ब्रिटनमधील २४८ विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला व्यायामाविषयी काहीच सांगितले नाही. दुसऱ्याला हृदयविकाराचे धोके आणि व्यायामाचे फायदे पटवून दिले. तिसऱ्याला तेच सांगितले. शिवाय पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे व्यायाम करणार, हे लिहायला लावले. पहिल्या गटातील ३८ टक्के आणि दुसऱ्यातील ३५ टक्के मुलांनी त्या आठवड्यात व्यायाम केल्याचे सांगितले. तिसऱ्या गटात हे प्रमाण ९१ टक्के होते! उपदेशाने इच्छा वाढली होती, पण पाऊल उचलले गेले ते वेळ आणि जागा ठरल्यावर.

बँकेत हयात घालवलेल्या मला याचे नवल वाटत नाही. ‘महिनाअखेर उरले तर शिल्लक टाकू’ म्हणणाऱ्याची शिल्लक कधी पडत नाही. रिकरिंगचा हप्ता पाच तारखेला भरणाऱ्याची पडते. पगार दोघांचा सारखाच असतो.

आपल्या जुन्या तालमींना हे न शिकवता ठाऊक होते. नाशिकच्या यशवंत व्यायामशाळेसारख्या ठिकाणी जाणाऱ्याला रोज नवा निश्चय करावा लागत नाही. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, सोबती ठरलेले. एक दिवस चुकला, तर ‘काल कुठे होतास?’ असे विचारणारे कुणीतरी असते.

आठवडा निभला, पुढे काय? लंडनमधील २०१० सालच्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही त्यात दिसले. मात्र ‘हे मला जमेल’ हा विश्वास हवा. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडले, की असा विश्वास मुख्यतः स्वतः मिळवलेल्या यशातून येतो. म्हणून पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळून पाय धरून बसण्यापेक्षा वीस मिनिटे चालणे बरे.

तेव्हा मुलांना ‘व्यायाम का करत नाहीस?’ असे विचारण्याऐवजी ‘उद्या किती वाजता, कुठे, कुणाबरोबर?’ असे विचारून पाहावे. आणि मुलीने ‘पहाटे सहाला, मैत्रिणीबरोबर’ असे उत्तर दिले, तर ‘एवढ्या पहाटे?’ म्हणून कपाळाला आठ्या न घालता गजर आपणच लावावा.