कपडा उलटा करून पाहा

'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' हा सुविचार शाळेत असताना मी फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, याची गणती नाही. परंतु त्याचा अर्थ मला कळला तो गेल्या डिसेंबरात, आणि त्यासाठी साडेचार हजार रुपये फी भरावी लागली. माझे वडील शहापुरात गेली पंचवीस वर्षे शिवणकाम करतात. शिंप्याच्या मुलाने कपड्यातच फसावे, याहून मोठे हसे ते कोणते? तरीही ही हकीकत लिहितो आहे. आपल्याकडे वापरलेले 'ब्रँडेड' कपडे घेण्याची हौस वाढते आहे, आणि फसलेला मनुष्य सहसा तोंड उघडत नाही.

मी घेतली ती 'सुप्रीम' या अमेरिकन छापाची हूडी, म्हणजे टोपी असलेला जाड स्वेटशर्ट. छातीवर तांबडी चौकट आणि तीत तिरप्या पांढऱ्या अक्षरांत नाव. जेम्स जेबिया यांनी हे दुकान १९९४ साली न्यूयॉर्कच्या लाफायेट स्ट्रीटवर काढले, ते स्केटबोर्ड खेळणाऱ्या मुलांसाठी. माल थोडाच काढायचा, ही त्यांची रीत. त्यामुळे वापरलेला कपडाही पुष्कळदा मूळ किमतीहून महाग विकला जातो, आणि जिथे असा भाव, तिथे नक्कल आलीच. इटलीतील एका कंपनीने तर हेच नाव लावून उघड धंदा मांडला. डिसेंबर २०१८ मध्ये सॅमसंगच्या चीनमधील शाखेने त्या नकली 'सुप्रीम'शी सहकार्य जाहीर केले, आणि ओरड झाल्यावर मागे घेतले. पुढे २०२१ साली लंडनच्या न्यायालयाने त्या धंद्यातील बापलेकांना तुरुंगवासाची शिक्षा दिली. जिथे एवढी मोठी कंपनी चकली, तिथे माझ्यासारख्याची काय कथा!

मला ही हूडी फोनवर भेटलेल्या एका परगावच्या विक्रेत्याने विकली. त्याने समोरून काढलेली दोन छायाचित्रे पाठवली, मी पैसे पाठवले. घरी आल्यावर ऐटीत घालून बाबांसमोर उभा राहिलो. ते म्हणाले, "काढ आणि उलटी कर बघू. सदरा बघायचा तर आतनं बघावा. बाहेरनं सगळेच शहाणे."

त्यानंतरच्या अर्ध्या तासात बाबांनी जे दाखवले, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट भरतकामाची. वरून चौकट सुबक होती. आतून पाहिली तर दोऱ्यांच्या गाठी लोंबत होत्या, एका अक्षरावरून दुसऱ्यावर गेलेले दोरे तसेच सोडले होते, आणि टाके कुठे दाट, कुठे विरळ. लोंबणारा एखादा धागा अस्सल मालातही सापडतो. पण सगळेच काम घाईचे असेल, तर संशय घ्यावा.

दुसरी गोष्ट कापडाची. विणलेल्या होजिअरी कापडात बारीक उभ्या ओळी असतात. कपडा धुतल्यावर लांबीला आटू नये म्हणून कापड आडवे फिरवून कापण्याची युक्ती 'चॅम्पियन' या अमेरिकन कंपनीने काढली व १९३८ साली तिचे पेटंट घेतले. सुप्रीमच्या अलीकडच्या अशा हूडींचे कापडही आडवेच असते. माझ्या हूडीवरच्या ओळी मात्र सरळ उभ्या होत्या. आडवे कापायला कापड जास्त लागते आणि कष्टही जास्त. नक्कल करणारा नेमके तेच वाचवतो.

तिसरी गोष्ट चिठ्ठीची, म्हणजे आतल्या लेबलाची. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कपड्यावर धाग्याचा प्रकार, बनवल्याचा देश, आणि कंपनीचे नाव किंवा 'आरएन' हा नोंदणी क्रमांक असावा लागतो. हा क्रमांक तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या यादीत कोणालाही शोधता येतो. माझ्या लेबलावर 'शंभर टक्के कापूस' असे छापले होते. बाबांनी आतल्या कडेचा एक धागा ओढून काडीवर धरला. सुती धागा कागदासारखा जळतो व त्याची मऊ राख होते. हा मात्र वितळून कडक मणी झाला. धागा कापडाचाच घ्यावा, शिलाईचा नव्हे, कारण शिलाईला पॉलिएस्टरचा दोरा अस्सल मालातही वापरतात. म्हणजे ही हूडी स्वतःविषयीच खोटे बोलत होती.

इथे एक तर्क ध्यानात ठेवावा. लेबल, क्रमांक, पिशवी, पावती यांची नक्कल करता येते. म्हणून एखादी खूण जुळली, तर त्यावरून माल अस्सल ठरत नाही. पण एखादी ठळक खूण जुळली नाही, तर ती एकटीच पुरे. माझ्यापुढे अशी पहिली खूण होती किंमत. नवी असताना ही हूडी दुकानात दीडशे डॉलरांच्या वर जाते, म्हणजे बारा हजारांहून अधिक. ती कोणी साडेचार हजारांना का द्यावी, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला तर गरजही नव्हती.

दुरून घेताना धागा जाळून पाहता येत नाही, हे खरे. पण विक्रेत्याकडे भरतकामाची आतली बाजू, लेबलाच्या दोन्ही बाजू आणि काखेतली शिलाई यांची जवळून काढलेली छायाचित्रे मागता येतात. शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगावे, म्हणजे वस्तू खरोखर त्याच्या हातात आहे हे कळते. टाळाटाळ झाली, की व्यवहार तिथेच थांबवावा. शक्य असेल तर समक्ष पाहूनच पैसे द्यावेत.

हे सारे कळल्यावर माझ्या मनात काय आले, तेही सांगतो. प्रथम वर्षाचा एक मुलगा ती हूडी चार हजारांना मागत होता. त्याला काही सांगितले नसते, तर माझे नुकसान फक्त पाचशेचे झाले असते. दोन दिवस मी त्याला टाळले. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार खोट्या चिन्हाचा माल विकणे हा गुन्हा आहे, आणि त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंड होऊ शकतो. पण खरे सांगायचे तर मला कायद्याने अडवले नाही. मला विकणारा मनुष्यही बहुधा असाच कुणाकडून तरी फसला असेल आणि मग गप्प बसला असेल, असे वाटले. तिसऱ्या दिवशी त्या मुलाला घरी बोलावले आणि हूडी उलटी करून दाखवली.

पुढे बाबांनी ती तांबडी चौकट उसवली व त्या जागी एक खिसा लावला. यंदाच्या थंडीत तीच घालून मी कॉलेजात येतो. कोणाला अस्सल-नकली शिकायचे असेल, तर मला थांबवावे. आतून दाखवीन.