तळटिपांचं काम अडीच तासांऐवजी दोन मिनिटांत: टायपिंगच्या धंद्यात मॅक्रो कसा वापराल?



आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा परवा फोन आला. विद्यापीठ गेटजवळ त्यांचं छोटंसं डीटीपीचं दुकान आहे. "सर, पावणेतीनशे पानांचा इतिहासाचा प्रबंध आहे. परवा बाइंडिंगला द्यायचाय. आणि आता गाइड म्हणतात, तळटिपांचे आकडे पूर्णविरामाच्या आधी आलेत, नंतर घ्या!"

तळटिपा होत्या सहाशे. एक आकडा कट करून पुढे पेस्ट करायला १५ सेकंद धरा. झाले अडीच तास. पानाचा दर आधीच ठरलेला, म्हणजे हे अडीच तास फुकटात!

आपल्या शहरात १९५८ पासून विद्यापीठ आहे. प्रबंध येतच राहणार. पीएचडीचा प्रबंध पुढे 'शोधगंगा'वर जातो, तिथे तो कुणालाही दिसतो. त्यामुळे विद्यार्थ्याला काम नीटच हवं असतं, आणि तेही वेळेत. इथेच तुमची संधी आहे.

मॅक्रो म्हणजे काय? तुम्ही वर्डमध्ये एकदा केलेलं काम वर्ड लक्षात ठेवतं आणि पुन्हा एका बटणावर करून देतं. कोडिंग यायची गरज नाही.

आता स्टेप बघा:

१. फाइलची कॉपी करा. मूळ फाइलला हात लावायचा नाही.

२. 'ट्रॅक चेंजेस' बंद करा. चालू राहिलं तर अदलाबदल करताना आकडे आणि चिन्हं उलटसुलट होतात.

३. 'व्ह्यू'मध्ये 'मॅक्रोज', मग 'रेकॉर्ड मॅक्रो'. नाव द्या, नावात स्पेस नको.

४. कंट्रोल आणि एच दाबा, 'मोअर'मध्ये जाऊन 'यूज वाइल्डकार्ड्स'वर टिक करा.

५. आधी आकड्यापूर्वीची जादा स्पेस काढू. 'फाइंड'मध्ये एक स्पेस देऊन (^2) टाका, 'रिप्लेस'मध्ये \1 आणि 'रिप्लेस ऑल'.

६. आता अदलाबदल. 'फाइंड'मध्ये (^2)([.,;:]) आणि 'रिप्लेस'मध्ये \2\1. पुन्हा 'रिप्लेस ऑल', मग 'स्टॉप रेकॉर्डिंग'.

इथे ^2 म्हणजे तळटिपेचा आकडा. कंसातल्या दोन गोष्टींची जागा बदला, एवढंच आपण वर्डला सांगतोय. हे आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाका, मराठी आकडे चालणार नाहीत.

झालं? नाही! खरं काम आता सुरू होतं. मॅक्रोला डोळे नसतात, ते तुम्हाला आहेत. 'इ.' सारख्या संक्षेपानंतर आकडा असेल तर दोन टिंबं एकत्र येतात, ती शोधा. अवतरण चिन्हाजवळचे आकडे हातानेच बघा. फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर पूर्णविराम भलत्याच अक्षरावर बसलेला असू शकतो, म्हणून आधी दोन पानांवर ट्रायल घ्या. शेवटी 'रिव्ह्यू'मधलं 'कंपेअर' वापरून जुनी आणि नवी फाइल शेजारी लावा. काय बदललं ते ग्राहकाला दाखवता येतं. विश्वास असाच बसतो.

आणि हो, गाइडला विचारल्याशिवाय मॅक्रो चालवू नका. आकडा विरामचिन्हानंतर ही पद्धत जास्त दिसते, पण काहींना तो आधी हवा असतो. ऑर्डर घेतानाच हा प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून घ्या. ताईंनी आधी विचारलं असतं तर ती धावपळ झालीच नसती.

आता पैशांचं बोलू. काम दोन मिनिटांत झालं म्हणून दर पाडू नका. ग्राहक तुमची मिनिटं विकत घेत नाही, तो बिनचूक प्रबंध विकत घेतो. टायपिंगचा दर वेगळा ठेवा, 'तळटीप तपासणी' वेगळी सेवा म्हणून लावा. मात्र एक मर्यादा पाळा: आपण प्रबंध नीट मांडून देतो, लिहून देत नाही. कुणी कितीही पैसे देऊ केले तरी तिथे "नाही" म्हणायचं. नाव एकदा गेलं की गेटजवळच्या दुकानाला ते परत मिळत नाही.

ताईंची फाइल त्याच संध्याकाळी तयार झाली. वाचलेल्या वेळेत त्यांनी संदर्भसूचीही तपासली आणि तिचे पैसे वेगळे लावले.

आजचा गृहपाठ: जुनी एक फाइल काढा, कॉपी करा आणि हा मॅक्रो स्वतः रेकॉर्ड करा. नुसतं वाचून धंदा होत नाही, करून होतो!