आण्याला सोपं, पैशाला अवघड

भेडाघाटला धुवांधार धबधब्यापाशी उभं राहून फोन उघडला की नकाशावर निळा ठिपका उमटतो. जबलपूरच्या या पट्ट्यात एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०२ किलोमीटर. तो रेखांश ३२ बिटांत साठवला, तर लगतच्या दोन नोंदींमध्ये ७८ सेंटिमीटरची फट राहते. ६४ बिटांत तीच फट दीड नॅनोमीटरवर येते. डीएनएचा धागासुद्धा याहून जाड, दोन नॅनोमीटरचा! हा रेखांश ज्यात येतो त्या ६४ ते १२८ अंशांच्या मध्येच अशी ४५ कोटी कोटी ठिकाणं मावतात.

आणि इतक्या बारीक पट्टीवर साध्या एक दशांशाला जागा नाही. ०.१ साठवायला द्या, आत जातं ते हे:

०.१००००००००००००००००५५५१११५१२३१२५७८२७०२११८१५८३४०४५४१०१५६२५

कारण यंत्राला फक्त निम्मं करणं ठाऊक. शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक ही आजीची मापं त्याला बिनचूक जमतात. पावकी-निमकीही जमते. रुपयाचा सोळावा भाग, म्हणजे आणा, ०.०६२५; तो तंतोतंत बसतो. १ एप्रिल १९५७ ला आपण शंभर नये पैसे आणले आणि संगणकाच्या दृष्टीनं सोपं नाणं मोडीत काढलं. (जुन्या आण्याच्या बारा पै मात्र त्यालाही जड गेल्या असत्या.)

०.१ साठवतानाची ही चूक नगण्य वाटते, पण ती साठत जाते. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या दहरान इथल्या पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेचं घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत होतं, तेही २४ बिटांत. दर ठोक्याला सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतकी तूट. शंभर तासांत ३६ लाख ठोके झाले आणि घड्याळ ०.३४ सेकंद चुकलं. तेवढ्यात स्कड क्षेपणास्त्र अर्धा किलोमीटर पुढे जातं. २५ फेब्रुवारीला आलेलं स्कड अडवलं गेलं नाही. २८ अमेरिकी सैनिक मेले.

प्रोग्रामिंगच्या भाषा दशांशाच्या या लांब शेपटाशी आपापल्या स्वभावानं वागतात. ०.१ + ०.२ विचारलं तर जावास्क्रिप्ट आणि पायथन सरळ ०.३०००००००००००००००४ सांगतात. सी सहा स्थळांवर थांबून ०.३००००० छापते, मला ही सभ्यता जास्त धोक्याची वाटते. १९५९ सालची कोबॉल मुळातच दशमान हिशेबाची. जावाचा बिगडेसिमल आणि पायथनचा डेसिमलही दहाच्या पटीतच मोजतात, थोडे सावकाश. पैशांच्या व्यवहारात अनेक जण याहून सोपं करतात: १० रुपये १० पैसे न लिहिता १०१० पैसे लिहितात.