नीस-कानचा किनारा : हौशी गिऱ्हाईक आणि कसबी कारागीर

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस आणि कान या शहरांची नावे घेतली की नटनट्या, आलिशान बोटी आणि उंची हॉटेले डोळ्यांसमोर येतात. आपल्यातील काही ऐपतदार व्यापारी मंडळी हल्ली बायकामुलांना घेऊन तिकडे सुटीला जातात, समुद्राकाठी फोटो काढतात आणि परत येतात. फिरायला जाणे वाईट नाही. पण दुकानदाराने दुकानदाराची नजर घरी ठेवून जाऊ नये. या किनाऱ्यावर पाहण्यासारखे जे आहे, त्यातले बरेचसे समुद्रात नसून बाजारात आहे.

मुळात ही शहरे उन्हाळ्याची नव्हेतच. इंग्लंड-रशियातील धनिक थंडी चुकवायला नीसला येत आणि उन्हाळा लागला की हॉटेलांना कुलपे पडत. समुद्रकाठचा प्रसिद्ध रस्ता, 'प्रोमनाड देझांग्ले' म्हणजे इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता, याची सुरुवात १८२० च्या दशकात झाली. कडाक्याच्या थंडीने फळबागा गेल्या, मजूर बेकार झाले, शहरात भीक मागणारे वाढले. तेव्हा तेथे राहणाऱ्या इंग्रजांनी वर्गणी काढून त्यांना रस्ता बांधण्याच्या कामाला लावले. नुसती खैरात वाटली असती तर ती महिनाभरात संपली असती. रस्ता मात्र आजतागायत शहराला कमावून देतो आहे.

कानची गोष्टही अशीच. १८३४ मध्ये लॉर्ड ब्रूम हा इंग्रज मुत्सद्दी इटलीकडे निघाला होता. कॉलऱ्यामुळे सरहद्द बंद झाली आणि तो कान नावाच्या कोळ्यांच्या खेड्यात अडकला. गाव आवडले, तेथेच त्याने बंगला बांधला आणि त्याच्यामागून इतर धनिक आले. १८६३ मध्ये कानला आणि १८६४ मध्ये नीसला रेल्वे पोहोचली. १९३६ मध्ये फ्रान्समध्ये पगारी रजेचा कायदा झाला, तेव्हा कामगारवर्गही समुद्रावर येऊ लागला. गिऱ्हाईक बदलत गेले, बाजाराने प्रत्येक वेळी त्याच्याशी जमवून घेतले.

कानचा चित्रपट महोत्सव १९४६ मध्ये सुरू झाला. पहिल्याच वर्षी सर्वोच्च मान मिळालेल्या चित्रपटांत चेतन आनंद यांचा 'नीचा नगर' होता आणि त्याच्या लेखनात ख्वाजा अहमद अब्बास यांचा हात होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. पण व्यापाऱ्याने लक्ष द्यावे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. महोत्सव जेमतेम बारा दिवसांचा. बाकीच्या दिवसांत ते भव्य सभागृह रिकामे ठेवणे कानला परवडणार कसे? म्हणून मार्चमध्ये तेथे जमीन-इमारतींच्या धंद्याचा मेळा भरतो, जूनमध्ये जाहिरातवाल्यांचा, तर शरद ऋतूत विमानतळावरील करमुक्त दुकानांना माल पुरवणाऱ्यांचा. पर्यटक नसतील तेव्हा व्यापारी बोलवा, असा साधा हिशेब आहे.

मात्र ज्या शहराचे पोट पाहुण्यांवर चालते, त्याला धक्काही तसाच बसतो. १४ जुलै २०१६ च्या रात्री नीसच्या त्या रस्त्यावर एका माथेफिरूने गर्दीत ट्रक घातला. ८६ जीव गेले. मृतांत मुसलमानही बरेच होते. २०२० मध्ये कोरोनामुळे महोत्सव नेहमीसारखा भरलाच नाही. एकाच हंगामावर दुकान टाकणाऱ्याची अशा वेळी काय गत होते, हे आपल्या कोकणातील किनाऱ्यावरच्या दुकानदारांना वेगळे सांगायला नको.

आता कारागिरांकडे वळू. कानपासून काही किलोमीटर आत डोंगरावर ग्रास नावाचे गाव आहे. हे मूळचे चामडे कमावणाऱ्यांचे गाव. चामड्याचा धंदा म्हणजे दुर्गंधी आलीच. सोळाव्या-सतराव्या शतकात धनिकांत सुगंधी हातमोज्यांची हौस निघाली, तेव्हा येथील कारागिरांनी मोज्यांना फुलांचा वास लावायला सुरुवात केली. पुढे चामड्यावर कर वाढले, बाहेरची स्पर्धा आली आणि मोज्यांचा धंदा बसला. पण तोवर सुगंधाचे कसब हातात आले होते. मोजा गेला, वास राहिला. त्या वासावर ग्रास जगभर अत्तरांचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. आपल्या समाजात चामड्याचे व्यापारीही आहेत आणि अत्तरवालेही. एकाच गावात पहिल्यातून दुसरा धंदा कसा उभा राहिला, हे दोघांनीही जाऊन पाहावे.

ग्रासमधील जुन्या कंपन्या आपला कारखाना पाहुण्यांना फुकट दाखवतात. फुले, तांब्याची जुनी भांडी, वासांची ओळख, सारे समजावून सांगतात आणि शेवटचे दार दुकानात उघडते. फुकटाची ही फेरी जाहिरातीपेक्षा जास्त विकते.

ग्रासवरही संकटे आली. किनाऱ्याजवळची जमीन सोन्याच्या भावाने जाऊ लागली, फुलांची शेते मोडून बंगले झाले. कृत्रिम सुगंध निघाले. इजिप्तमधून आणि आपल्या तमिळनाडूतून स्वस्त मोगरावर्गी फुलांचा अर्क येऊ लागला. यावर शनेल कंपनीने १९८७ पासून ग्रासजवळच्या एका शेतकरी कुटुंबाशी फुलांचा कायम करार केला. २०१८ मध्ये ग्रासच्या सुगंधकलेला युनेस्कोची मान्यता मिळाली. आपल्या कनौजचा देग-भपका याहून कमी दर्जाचा मुळीच नाही. पण तो पाहायला पाहुणे किती जातात?

व्हालोरिस हे कुंभारांचे गाव तर कानच्या अगदी शेजारी. स्वयंपाकाची मातीची भांडी ही त्याची ख्याती. धातूची भांडी स्वस्त झाली आणि भट्ट्या विझू लागल्या. १९४६ मध्ये चित्रकार पिकासो तेथील मादुरा कारखान्यात आला, मातीकामात रमला आणि पुढे काही वर्षे त्याच गावात राहिला. त्याच्या नमुन्यांच्या आवृत्त्या कारखान्याने काढल्या आणि जगाचे लक्ष गावाकडे गेले. प्रत्येक गावाला पिकासो मिळत नाही, हे खरे. परंतु हंडी विकली जात नाही म्हटल्यावर तोच हात शोभेच्या वस्तूकडे वळवणारे कुंभार तेथे तयार होते, म्हणून पिकासोचा उपयोग झाला.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. शेंगेन व्हिसाची फी प्रौढांसाठी जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो. जुलै-ऑगस्ट आणि महोत्सवाचे दिवस टाळावेत, खोल्यांचे भाव अंगावर येतात. नीसचा किनारा गोट्यांचा आहे, वाळू पाहिजे तर कानला जावे. रेल्वेने तासाभराच्या आतच पोहोचता येते. अल्जिरिया, ट्युनिशिया, मोरोक्कोतून आलेली वस्ती मोठी असल्याने नीसमध्ये हलाल मांस शोधावे लागत नाही. 'सोका' अवश्य खावा : हरभऱ्याचे पीठ, पाणी आणि ऑलिव्हचे तेल, म्हणजे आपल्या बेसनाच्या पोळ्याचा भाऊच. एका दुकानातून १०० युरोंहून अधिक खरेदी केल्यास कर परत मिळतो. दुकानातून फॉर्म मागून घ्यावा आणि विमानतळावर सामान देण्यापूर्वी त्याची नोंद करावी.

नीसच्या जुन्या भागात कूर सालेया हा फुलांचा बाजार भरतो. तेथे आणि आसपासच्या गल्ल्यांत प्रोव्हान्सचे म्हणून पिवळ्या-निळ्या छापील कापडाचे टेबलक्लॉथ आणि पिशव्या मिळतात. हे कापड फ्रेंच लोक 'अँदिएन' म्हणत, म्हणजे हिंदुस्थानी. सतराव्या शतकात आपले छापील सुती कापड मार्सेय बंदरात उतरे आणि हातोहात खपे. मार्सेयच्या लोकांनी आर्मेनियन कारागीर बोलावून छपाई शिकून घेतली. फ्रेंच रेशीम-लोकर व्यापाऱ्यांनी ओरड केल्यावर १६८६ मध्ये सरकारने या कापडावर बंदी घातली, ती १७५९ मध्ये उठली. एवढ्या वर्षांत चोरून धंदा चालू राहिला तो राहिलाच. आज पर्यटक ते कापड दक्षिण फ्रान्सची आठवण म्हणून घरी नेतात. त्यावरची कोयरी मात्र आपल्या छिपी कारागिराला लांबूनही ओळखू येईल.