शाळेत मंत्रिमंडळ आहे, पण विधानसभा कुठाय?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलताना फुटलेले फाटे तेवढे छाटलेत.

परवा अंजनवेलहून भाचीचा फोन आला. "मामा, मी मंत्री झाले!" चौथीत आहे ती. शाळेची स्वच्छतामंत्री. म्हटलं, "मग काम काय गो तुझं?" म्हणाली, "नखं बघायची आणि वाढली असतील त्यांची नावं सरांना सांगायची."

आधी हसू आलं, मग खटकलं. हे मंत्र्याचं काम की फौजदाराचं?

शालेय मंत्रिमंडळ आपल्याकडे बऱ्याच प्राथमिक शाळांत असतं. उमेदवारी अर्ज, चिन्हं, प्रचार, मतपत्रिका, बोटाला शाई, मग शपथविधी. हल्ली मोबाइलवरच्या ॲपनेही मतदान घेतात. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, क्रीडामंत्री, सहलमंत्री अशी खाती. पट कमी असेल तर जवळजवळ सगळेच मंत्री!

मतदान कसं होतं हे मुलं यातून छान शिकतात. पण गाडी बहुतेकदा तिथेच थांबते. राज्यघटनेच्या कलम 164 प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असतं. म्हणजे मंत्र्याला प्रश्न विचारता येतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. शाळेत मंत्री असतात, पण विचारणारी सभा नसते. मग मंत्री फक्त सरांना जबाबदार राहतो आणि त्याचा आपोआप मॉनिटर होतो.

खरं तर मुलांचं म्हणणं ऐकणं ही काही मोठ्यांची मेहेरबानी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातलं 12 वं कलम सांगतं, की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याला मत मांडता आलं पाहिजे आणि वय-समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. भारताने हा करार 1992 मध्ये स्वीकारला. आपल्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. केंद्राच्या 2010 च्या नियमांत तर उरलेल्या जागांपैकी एक तृतीयांश जागांवर स्थानिक शिक्षणतज्ज्ञ किंवा चक्क शाळेतली मुलं घेता येतात. राज्यांचे नियम आपापले आहेत, पण मूल समितीत बसू शकतं हा विचार कागदावर आलेला आहे.

मग करायचं काय? फार काही नाही. शनिवारी परिपाठानंतर दहा मिनिटं सभा भरवायची. मुलांनी विचारायचं, मंत्र्यांनी उत्तर द्यायचं. जे मुलांच्या हातात नाही ते वहीत लिहून समितीपुढे ठेवायचं, आणि पुढच्या शनिवारी काय झालं ते सांगायचं. नाही जमलं तर का नाही जमलं, तेही सांगायचं. नाहीतर मुलं विचारणंच सोडून देतात.

भाचीला मी एवढंच म्हटलं, "नखं बघतेस ना, तेव्हा त्यांना काय हवंय तेही विचार."

आठवड्याने परत फोन. पहिलीतल्या पोरांचा हात हात धुवायच्या नळाला पोचत नव्हता. ती सरांशी बोलली. सरांनी त्याच दिवशी नळाखाली दोन चिरे ठेवून घेतले.

"मामा, आता मी खरी मंत्री झाले ना?"

तुमच्या शाळेत मंत्र्यांना कोण प्रश्न विचारतं? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.